कंदील

रात्री अकराला तौफिकचा पॅच उघडला.
सात फायली, दोनशे चाळीस ओळी,
वर त्याचा नेहमीचा नम्र मजकूर:
एरर आली तर राइट पुन्हा पाठवायची सोय केलीय,
बघाल का.

हरिपूरच्या या खोलीत पंखा टकटकतो.
टेबलाखाली ती डिस्क,
जिच्यात वाटेल तिथं लिहिता येत नाही.
झोन जिथवर भरलाय तिथूनच पुढं,
एक ब्लॉक सोडून नाही, एक ब्लॉक मागं नाही.
मधलं काही बदलायचं
तर अख्खा झोन रिकामा.

हे मला शिकावं लागलं नाही.
आप्पा पेवात हळद भरायचे.
मधली दहा पोती काढून द्या म्हणत
एखादा व्यापारी आला,
तर आप्पा त्याच्याकडं नुसते बघायचे.

एकशे त्र्याऐंशीव्या ओळीवर थांबले.
एरर आली, आणि इथं लॉक सुटतं.
डिस्कला विचारणं दोन ओळी खाली:
बाई, पॉइंटर कुठवर आलाय?
त्या दोन ओळींच्या फटीतून
रांगेतला दुसरा राइट आत शिरेल,
जुना पत्ता हातात घेऊन.
माझ्या मशीनवर चारशे वेळा चालवलं.
चारशे वेळा पास.

पेवाचं तोंड उघडलं
की दुपारपर्यंत आप्पा कुणाला उतरू देत नसत.
मग दोरीला बांधून कंदील सोडायचे.
"कंदील इझला तर माणूस इझतोय."

शांतिनाथ मगदूम एकदा कंदिलाआधी उतरला.
गाडी भरायची घाई.
आधीच्या वीस पेवांत काही झालं नव्हतं.
त्याला वर काढला तेव्हा
तळपाय पिवळे होते.
मी सातवीत होते, तेवढंच दिसलं.

पुरानंतर ती पेवं बुजली.

तौफिकला लिहिते: लॉक दोन ओळी खाली ने.
आधी विचार, उत्तर येऊ दे, मग सोड.
पुसते. हुकूम सोडल्यासारखं वाटतं.
पुन्हा तेच लिहिते.

तो मिरजेत जागाच.
"पण टेस्ट सगळ्या पास होतात, मॅडम."

कारण लिहायला घेते.
कंदील हा शब्द कुठंच बसत नाही,
म्हणून तक्ता मांडते, दोन रकाने,
सीपीयू शून्य, सीपीयू एक,
कोण आधी, कोण नंतर,
आणि मधे एक ओळ कोरी सोडते,
हवा आत यायला लागते तेवढी.