आठ दिवसांची वाट

हिरुगडेच्या शेडमध्ये, उद्यमनगरात,
सरफेस प्लेटवरचं ऑइल पुसून नकाशा पसरला.
चार कोपऱ्यांवर चार जॉब ठेवले,
तरी कागद पोटातून फुगत होता.
सदाशिवनं काळं बोट ठेवलं :
"ही पाच दिवसांची. तंबू तयार, चहा तयार,
निम्मं कोल्हापूर तिथंच भेटतंय.
ही आठ दिवसांची, मागनं वळसा घालून.
पहिले दोन दिवस तर बर्फ दिसतच नाही,
नुसता ओढा आणि देवदार.
कोण जातंय तिकडनं?"

मी म्हटलं, मी.

हसले सगळे. एकसष्टचा टर्नर,
गुडघ्यातलं ग्रीस संपलंय म्हणाले,
नाद करायचा न्हाई.

त्यांना काय सांगू.
चौतीस वर्षं एकाच आवाजाच्या शेजारी उभा होतो.
गेल्या दिवाळीत लेथ विकली,
टेम्पोत चढवताना हातही लावला नाही.
पण रात्री दोनला कानात चक फिरतं अजून,
बारीक, एकसुरी,
बिडावर टूल धरल्यासारखं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बाहेरचा आवाज नव्हे.
माणसांत राहा, रेडिओ लावून झोपा,
शांत जागी तो वाढतो.

वाढू दे.
चौतीस वर्षांत त्याच्याकडे नीट बघितलंच नाही मी,
नजर कायम मायक्रोमीटरवर.
एकदा वाढू दे पुरता,
जिथं त्याच्यावर टाकायला
दुसरा कुठलाच आवाज नसेल.

हे बोललो नाही. म्हटलं, गर्दी नको वाटते.

घरी शालन भाकरी थापता थापता म्हणाली,
"तीनच तर दिवस जास्त.
त्या लोखंडाला किती दिलासा, ते मोजलं का कुणी?"
आणि तव्यावरची भाकरी
बोटांनीच उलटली.

आता रोज पहाटे रंकाळा.
सॅकमध्ये गुळाच्या दोन ढेपा, पाच-पाच किलोच्या,
वजनाची सवय म्हणून.
चौथ्या दिवशी सॅकला मुंग्या लागल्या,
पाठीवरून मानेपर्यंत आल्या,
त्यांचाही एक ट्रेक झाला.
चौपाटीच्या अंगानं जात नाही,
तिथं ओळखीचे भेटतात, तब्येत विचारतात.
पलीकडून जातो, शालिनी पॅलेसच्या बाजूनं,
अंधार जरा जास्त असतो तिथं.

फुलेवाडीचा मुनीर मुल्लाणी तिथंच भेटला.
केएमटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर.
दोन्ही वाटा ऐकून घेतल्या त्यानं,
मग एकच विचारलं,
"त्या लांबच्या वाटेवर थांबे किती?"
म्हटलं, एकही नाही. वाटलं तिथं बसायचं.
"आणि घंटी मारणारं कोण न्हाई?"
न्हाई.
"मग माझं नाव लिव्ह."

सात जण पाच दिवसांचे, दोघं आठचे.
सदाशिवचा फोन आला काल : शेवटचं विचारतोय,
पैसे भरायचेत, परत बदलता येणार नाही.
परवडतंय का बघ, म्हणाला.
पैशांचं म्हणत होता की गुडघ्यांचं, कळलं नाही.
मी म्हटलं, लिहून टाक.

आज पहाटे बांधावर उभे राहिलो दोघं.
वारा पडलेला. चक फिरत होतं कानात,
नेहमीच्याच फीडवर.
मी मुद्दाम काही बोललो नाही,
मुनीरही बोलला नाही.
बऱ्याच वेळानं त्या आवाजाच्या पलीकडे
कुणीतरी म्हैस धूत असल्याचं ऐकू आलं :
तांब्या पाण्यात बुडल्याचा गुडुप,
मग पाठीवरनं ओघळणं,
मग म्हशीनं सोडलेला
एक लांब, समाधानी श्वास.
किती लांब होती कोण जाणे. दिसत तर नव्हती.

मुनीरच्या बुटाची दोरी सुटली होती.
म्हटलं, बांध की.
म्हणाला, बांधतो, गडबड काय हाय.