निम्म्यानं

मुंजाजी सरांनी झेरॉक्स आणली होती,
काळीपांढरी, घडीवर फाटलेली.
बोस्टन नावाच्या गावात एक भिंत आहे म्हणाले,
सदतीस फूट उंच, मैदानाच्या डाव्या अंगाला.
चेंडू तिच्या पल्याड गेला की सगळं गाव उभं राहतं.
आपण तीच बांधू.
निम्म्यानं.

मानवतला तेव्हा बंद पडलेल्या जिनिंगचे पत्रे
किलोवर विकायला निघाले होते.
सरांनी दोन पगार घातले, मेव्हण्याचं वेल्डिंग घातलं,
आणि साडेअठरा फुटांवर
टेप दातात धरून शिडीवर थांबले.
खाली पोरी हसत होत्या.
सर टेप सोडून हसू शकत नव्हते.

कोणता हिरवा? मी विचारलं.
झेरॉक्समधी भिंत राखेच्या रंगाची.
हिरवी आहे एवढं पक्कं, सर म्हणाले,
कोणती हिरवी ते कुठं लिहिलेलं नाही.

मी आजवर भिंतींवर बियाणं रंगवलेलं माणूस.
नारळाएवढी कपाशीची बोंडं,
कुणाच्या रानात लागली नाहीत अशी.
हाताला मोठं करायची सवय.
निम्म्यानं करायला कुणी सांगितलं नव्हतं.
ट्रॅक्टरच्या हिरव्यात पावशेर काळा टाकला,
अंबाडीचा पाला शेजारी धरून बघितला,
आणि म्हटलं, हीच असणार.

खरी भिंत आतून पोकळ आहे म्हणे.
आत एक माणूस बसतो, हातानं आकडे बदलतो.
म्हणून आम्हीही पोकळ ठेवली.
आत खय्यूम.
एका पत्र्याच्या भोकाला डोळा लावून
तो सगळा खेळ बघायचा,
एप्रिलमधी घामानं निथळत,
आणि आपल्या शाळेला कधीकधी
एक धाव जास्तीची लावायचा.

तेरा वर्षांची दैवशाला खरवडे.
बॅट तिच्यापेक्षा थोडी शहाणी वाटायची.
एका शनिवारी, सेलूच्या पोरींसमोर,
चेंडू असा उठला की खय्यूमला भोकातून दिसेना.
भिंतीवरून गेला तो थेट
पल्याडच्या सरकीच्या ढिगात.
आम्ही उभे राहिलो.
सगळं गाव नव्हतं, अकरा माणसं होतो,
चहावाला धरून.
चेंडू पुन्हा सापडला नाही.
ढीग पुढं तेलघाण्याला गेला.

मग ती राज्याकडून खेळायला गेली, लांब,
खऱ्या मैदानावर.
रात्री फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.
सर, तसाच मारला होता. अगदी तसाच.
मग?
झेल गेला.
बराच वेळ फोनमधून पंख्याचा आवाज येत राहिला.
मग सरांनी विचारलं, किती लांब?
सामना संपल्यावर पावलं मोजली, ती म्हणाली,
चौसष्ट.
सरांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली, तळहातावर गुणाकार केला.
एकशे ब्याण्णव फूट, बाई.
आपली भिंत एकशे पंचावन्नवर आहे.
इथं असता तर गेला असता.
इथं नव्हता ना सर, ती म्हणाली.

सर त्या रात्री भिंतीकडं गेले नाहीत.
सकाळी गेले.

परवा ती आली, दिवाळीच्या सुट्टीत.
मी दुसरा हात देत होतो,
यंदा दुकानातला हिरवा जरा उजळ निघालाय.
तिनं ब्रश मागितला.
मला वाटलं पुढून नाव लिहील, सगळेच लिहितात.
ती वाकून भिंतीच्या आत शिरली,
जिथं खय्यूमचे आकडे खिळ्यांना टांगलेले,
जिथं पोरांनी खडूनं काय काय लिहून ठेवलंय
ते मी इथं सांगत नाही,
आणि त्या सगळ्याच्या मधोमध
तापल्या पत्र्यावर लिहिलं:
चौसष्ट पावलं. झेल.

अक्षर वाकडं आलं.
मी धंद्यानं पेंटर. वाकडं अक्षर डोळ्यात खुपतं.
रंग ओला होता, सरळ करता आला असता.
पल्याड मोटार सुरू झाली,
नवी सरकी पडायला लागली.
मी डब्याचं झाकण लावलं.