बाकी

सावागुची बाई आज परवाना परत करून आल्या.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी, स्वतःहून,
कुणी सुचवायच्या आत.
ठाण्यात बदल्यात एक कागद मिळाला
आणि बसभाड्यात सवलत.
तिथून मात्र त्या गाडीनंच आल्या.
"शेवटचे चार किलोमीटर. पकडायचं तर पकडा,"
म्हणाल्या, आणि किल्ली
माझ्या तेलकट तळव्यावर ठेवली.

योकोतेतलं हे गॅरेज सासऱ्यांनी मागे ठेवलं:
दोन जॅक, रॉकेलचा एक स्टोव्ह,
आणि "आधी ऐक, मग उघड" एवढं एक वाक्य.

मी ऐकते.
या गाड्यांचं इंजिन उभं नसतं, आडवं निजलेलं असतं.
समोरासमोरचे पिस्टन एकदम जवळ येतात,
एकदम लांब जातात,
झिम्मा खेळणाऱ्या दोघींच्या तळहातांसारखे.
आज एक टाळी किंचित मागून पडते आहे.
खाली पुठ्ठ्यावर तेलाचे तीन थेंब.
डाव्या बाजूचं गॅस्केट.
जुनं दुखणं; मालक ते सांगतात
घरातल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याबद्दल सांगावं तसं,
तक्रार म्हणून नव्हे, ओळख पटावी म्हणून.

बाई स्टोव्हशी बसल्या. चहा घेतला नाही.

वडील ओतात होते, विमानांच्या कारखान्यात.
युद्ध हरलं, विमानं बंद.
गोदामात उरली बॉम्बरच्या शेपटाची चाकं,
ती स्कूटरला बसवली.
विमानाचं नाव होतं आकाशगंगा, स्कूटरचं ससा.
"तेच चाक," वडील म्हणायचे,
"फक्त आता ते कुणाच्या घरावरून जात नाही,
दारात येऊन थांबतं."

कारखान्याचे तुकडे केले होते विजेत्यांनी.
मग पाच तुकडे जवळ आले, त्यांतून सहावी कंपनी झाली,
आणि गाडीला नाव मिळालं सुबारू:
कृत्तिका.
एकत्र येणं, असाही त्या शब्दाचा अर्थ होतो.
बाईंच्या लेगसीच्या नाकावर सहा तारे आहेत,
पाचच चमकतात.
सहाव्याचा मुलामा मिठानं खाल्ला,
रस्त्यावर बर्फासाठी टाकतात त्या.

बाई सुईण होत्या.
पहिली गाडी तीनशे साठ, ठिपकेवाल्या भुंग्याएवढी;
चढावर पुढच्या सीटवरच्या माणसाला उतरवावं लागे,
आणि तो माणूस बहुधा बाळाचा बाप असे.
मग लेओने.
वीज कंपनीच्या लोकांनी मागितली होती म्हणे तसली गाडी,
डोंगरातल्या खांबांपर्यंत बर्फातून पोचायला,
म्हणून चारही चाकांना जोर.
तारा जोडणाऱ्यांच्या त्या गाडीत बाईंनी नाळा कापल्या.
एकाची तर मागच्या सीटवरच,
फेब्रुवारीत, वायपर गोठलेले असताना.
"तो आता कावासाकीत असतो," बाई म्हणाल्या,
"टोयोटा चालवतो."
हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

मी विचारलं, विकू? भंगारात देऊ?
त्या उठल्या, दार उघडून वाकल्या,
बाहीनं मीटरची काच पुसली.
तीन लाख बारा हजार चारशे सहा.
"चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशेवर आहे.
माझ्याच्यानं होणार नाही. बाकी तू बघ."
आणि सवलतीचा कागद पर्समध्ये नीट घडी करून
बस स्टॉपकडे निघाल्या,
डावीकडे न बघता, जिथं गाडी उभी होती.

गॅस्केट बदललं. दोन दिवस गेले,
एक बोल्ट तुटला, शिव्या दिल्या.
आता सुटे भाग आणायला मी तीच नेते,
पोरीच्या शाळेत तीच,
कधी कधी उगाच, नदीच्या वळणापर्यंत.

महिनाअखेरीला फोन करते.
"बाई, एकाहत्तर हजार दोनशे राहिले."
पलीकडे टीव्ही चालू असतो.
बराच वेळ काही नाही.
मग:
"तेल बघितलंस?"