दोन बोटं माया

धरणगावला, जिनिंगच्या मागच्या गल्लीत,
निकुंभ टेलर्सच्या ओट्यावर
तेलाच्या फुटक्या डब्यात वांग्याचं झाड आहे.
कुणी लावलं नाही.
भरिताच्या वांग्याचं बी पडलं कधीतरी, उगवलं.

त्याची दोन पानं
वैशाखात एका पाखरानं शिवायला घेतली.

मी तिथे काज-बटण करते.
एका शर्टाला सहा काजं, कफ धरून आठ.
म्हणून मला आधी दिसली ती भोकं,
पानाच्या कडेला, टाचणीनं टोचावीत तशी, ओळीनं.
आधी भोक, मग दोरा.
ही तर माझीच रीत.

दोरा म्हणजे जिनिंगचा कापूस,
हिवाळ्यात उडून तारेला, बाभळीला अडकलेला,
वर कोळ्याच्या जाळ्याचं थोडं सूत.
टाका ओढायचा, बाहेर आलेलं टोक
चोचीनं पिंजून फुगवायचं,
की मागे सरकत नाही.
गाठ कुठेच नाही.

हिलालकाका चष्मा कपाळावर सारून वाकले.
पन्नास वर्षं मशीन मारलेला माणूस.
"हात नको लाऊ व माय," म्हणाले, "कारागीर शे तो."
शिवते ती मादी असते, हे मला पुढे कळलं.
मी काही सांगितलं नाही.
पाटीवर तसंही त्यांचंच नाव आहे.

सिंधूकाकूंना नेमकं त्याच फांदीचं वांगं हवं होतं.
पाच दिवस येऊन बघून गेल्या.
सहाव्या दिवशी बाजारातून आणली,
आणि फांदीवरचं पिवळं पडत गेलं, बियांनी जड,
घरट्याच्या शेजारी
कुणी विसरलेल्या घंटीसारखं.

मे म्हणजे आमचा गणवेशाचा हंगाम. असायचा.
आता शाळेत तयार कपडे येतात, ठेकेदाराकडून, गठ्ठ्यानं.
त्यातला एक काकांनी उलटा करून पाहिला,
शिवण चिमटीत धरली, सोडली, परत धरली.
"माया ठेयेल नही."
एवढंच बोलले, आणि पायडल मारायला लागले
मशीनमध्ये कापड नसताना.

मग मी काज करता करता बघायची,
हिनं माया कुठे ठेवली?
कात्री तर लावलीच नाही.
पान देठालाच, चव्वेचाळीस डिग्रीतही त्यात रस चढतोय,
टाक्यांना ताण देत ते रुंदावतंय,
आत पिल्लं रुंदावताहेत,
आणि भोकांच्या कडा तेवढ्या करपून तपकिरी.
जिवंत अंगावर शिवणं
आमच्यात कुणाला जमलेलं नाही.

तीन उडाली, एका दुपारी.
मी कफावर होते. पाहायचं राहिलं.

पुढे पान गळालं ते मी बटणांच्या डब्यात ठेवलं.
आठवड्यात चुरा झाला.
राहिले कापसाचे एकोणीस ठिपके,
आणि एक निळं सूत, चाळीस नंबरचं,
आमच्याच केरातलं.

शाळा उघडायच्या आदल्या रात्री
लोकेशची जुनी पँट काढली, काकांनी शिवलेली.
खालची पट्टी ब्लेडनं उसवली.
आतून कापड निघालं
गडद निळं, कोरं,
दोन वर्षांत ऊन न लागलेलं.

"आई, इथं रंग वेगळा दिसतो," तो म्हणाला.

दिसू दे.