डावखुरी शिवण

मिरजेच्या भंगारातनं जोंगा आली, लोखंडाच्या भावानं.
उद्यमनगरात आमच्या शेडपुढं उतरवली
त्याच रात्री तिच्या मागच्या बाकाखाली
कुत्रीनं पाच पिल्लं घातली.
सत्तारमामा शिकलगार म्हणाले,
"महिनाभर मागं हात लावू नगा.
पुढनं सुरू करू."

पुढनं म्हणजे रंग.
वर निळा, वरातीचा. त्याखाली पांढरा, दूधसंघाचा.
मग हिरवा, पलटणीचा, तोही दोन जातींचा:
एक शेवाळी, एक कच्च्या चिंचेचा.
सगळ्यांखाली पोलाद,
आणि डाव्या मडगार्डवर तळहाताएवढं ठिगळ.

मामांनी शिवणीवरनं अंगठा फिरवला,
मग डोळे मिटून पुन्हा एकदा.
"डावखुरा गडी. खवले बघ, उलटे पडल्यात.
आणि हितं रॉड संपलाय.
दुसरा हुडकंस्तोवर पत्रा गार झाला."
कुठल्या रानात, कुठल्या साली, पत्रा कशानं फुटला,
ते शिवणीत नव्हतं.

मालक उदयसिंह इंगवले. त्यांना दसऱ्याला गाडी
आरशागत पायजे होती. "लांबी भरा, घासा, संपवा."
मामा म्हणाले, "भरतो की."
आणि तीन महिने भरली नाही.

बुश कुठंच मिळेनात, तेव्हा लाकडी पॅटर्न करून
शेजारच्या फौंड्रीत ओतून घेतले.
इंजिन पहिल्यांदा शिंकलं
तेव्हा सैनिक टाकळीचे सुभेदार बिरणगे चहा पीत होते.
लढाईबद्दल विचारलं तर ते ऊसदराचं बोलतात.
उठले, आत बसले, क्लच दाबला.
"दुसरा गिअर सुटतोय का अजून?"
सुटत होता.
"मग बरोबर," म्हणाले,
आणि बराच वेळ उतरले नाहीत.

चॅसीचा एक ब्रॅकेट मामांनी माझ्यावर सोडला.
आत, जिथं कुणी वाकून बघणार नाही.
माझाही रॉड मधेच संपला.
घासायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे.
कुणाला तरी वाचायला हुईल."

गिरोलीच्या चढाला ती दोनदा तापली, एकदा बंद पडली.
ठिगळावर रंग दिलाय, पातळ.
इंगवल्यांना अजून दिसलेलं नाही.

शेडमधनं निघाली तेव्हा कुत्री नाक्यापर्यंत मागं पळत आली.
पिल्लं कधीच पांगली होती.
तरी ती मागच्या बाकाकडं बघून भुंकत राहिली,
हिशेब चुकल्यासारखी.