मदत करायची नाही

नियम पहिला: मदत करायची नाही.
काचेच्या या बाजूला मी, फॉर्म आणि चालू घड्याळ.
तांपेरेत नोव्हेंबर, दुपारी तीनलाच दिवे लागलेले,
आणि पलीकडे औलिक्की रांताकोस्की, वय एकाहत्तर,
लोकरी टोपी मांडीवर धरून
पडद्यासमोर बसलेली,
दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तशी.

काम एक. पत्र उघडा.
उघडलं.
चिन्ह ठसठशीत, लिफाफ्यासारखा लिफाफा.
चार सेकंद, मी लिहितो. उत्तम.

काम दोन. पत्र शेवटपर्यंत वाचा.
ती अर्ध्यातच थांबते.
"संपलं. सही करायची विसरला बिचारा."
सही आहे, औलिक्की, खाली आहे.
उजव्या कडेला सरकपट्टी आहे,
फक्त माउस जवळ नेल्याशिवाय ती उगवत नाही.
आमच्या इल्मोला स्वच्छ पडदा आवडतो.
दृष्टीआड सृष्टी.
मी पेनाचं टोपण काढतो, लावतो, काढतो.

काम तीन. होडीचा फोटो शोधा.
एका बोटानं तीनच अक्षरं टंकते
आणि चौथं दाबायच्या आत होडी हजर:
हिरवी, काठाला बांधलेली, वल्ही आत आडवी.
"अगं बाई!"
कुठे ठेवलं ते आठवायला नको,
काय होतं तेवढं आठवलं की पुरे.
हे मी समासात लिहितो,
फॉर्मवर आनंदाला रकाना नाही.

काम चार. खिडकी बंद करा.
फुली कोपऱ्यात, मोहरीएवढी.
बोटांचे सांधे सुजलेले, बाण थरथरतो,
शेजारच्या खुणेवर पडतो. खिडकी पडदाभर होते.
"माफ करा."
पुन्हा. खिडकी आक्रसून तळाशी गडप.
"माफ करा."
पुन्हा. बाण डाव्या कोपऱ्याला नुसता चाटून जातो
आणि साऱ्या खिडक्या पत्त्यांच्या डावासारख्या पसरतात.
त्या कोपऱ्यात काही दडलंय
हे तिला कुणी सांगितलं होतं?
"माफ करा, माझ्याच हातून मोडलं वाटतं."

काचेतून मी तिला दिसत नाही.
ती माफी मागते आहे पडद्याची.
मी पट्टी घेऊन फॉर्मवर नवा रकाना आखतो
आणि त्यात रेघा ओढायला लागतो.

नंतर कॉफी, वेलदोड्याचा पाव.
ती एकतीस वर्षं गिरणीत मागावर होती.
"हजारांनी धागे असायचे," सांगते,
"पण एक तुटला की त्याच्यावरचं पातं खाली पडायचं
आणि माग आपण होऊन थांबायचा.
बघितलं की कळायचं, इथे. गाठ मारायची, पुढे.
आम्ही कुणाचीही माफी मागत नव्हतो.
मुकादमाची तर नाहीच."
उरलेला पाव रुमालात बांधून घेते.

गुरुवारी बैठक. नऊपैकी सहा कामं पूर्ण.
"वाईट नाही," इल्मो म्हणतो.
इल्मो वाईट माणूस नाही. ती तीन अक्षरांत होडी आणणारी
शोधाची खिडकीही त्याचीच,
त्यासाठी त्यानं अख्खा उन्हाळा घालवलाय.
"आणि हे सतरा काय?"
मी सांगतो.

तो बराच वेळ गप्प.
मग खुंटीवरच्या कोटातून
आपले बर्फातले जाड हातमोजे काढतो,
चढवतो,
माउस धरतो, कसाबसा,
आणि स्वतःच काढलेल्या त्या फुलीवर
नेम धरतो.
खिडकी पडदाभर होते.
पुन्हा. गडप.
पुन्हा. पत्ते पसरतात.
"मा..." त्याच्या तोंडून निसटतं,
आणि तो माझ्याकडे बघतो.

मी काही बोललो नाही.
नियम पहिला.