सूतभर

रविवारी एकवीस किलोमीटर झाले,
दोन तास एकोणीस मिनिटं.
पदक पोरीनं टीव्हीच्या कोपऱ्याला अडकवलं
आणि मी जिना उतरलो उलटा,
कठडा धरून,
लहान पोर पलंगावरनं उतरतं तसा.

उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, पिकलेलं जांभूळ.
डाव्या पोटरीत कुणीतरी दोरी पिळून ठेवलीय.
काखेखाली बनियननं घासून
रुपयाएवढं सालटं गेलंय, ते कळलं
अंघोळीचा पहिला तांब्या पडला तेव्हा.
शेजारच्यांनाही कळलं.

गंगावेशीतली फिजिओ निलोफर बागवान,
माझ्याहून वीस वर्षांनी लहान,
पोटरीत अंगठा रुतवून म्हणाली,
आठवडाभर पळायचं नाही.
चाला. टॉवेल लावून ताणा. झोपा.
झोपा म्हणायचे तीनशे रुपये.

मंगळवारी ऐकलं नाही.
पहाटे रंकाळ्यावर गेलो, चालायलाच, खरंच.
पण मागनं कॉलेजची पोरं आली सप सप सप,
एकाच्या बुटाची नाडी सुटलेली,
तरी तो मला ओलांडून गेला.
संध्यामठ दिसतो त्या वळणावर
पोटरीत टच्च झालं,
गवंडी भिंतीवर रंगाची दोरी ताणून सोडतो तसं.
सरळ, लाल, एकच रेघ.

लंगडत घरी आलो. बायकोनं काही विचारलं नाही.
फ्रीजमधली मटारची पिशवी पुढं केली.
"संध्याकाळी भाजीला लागणारायत,
लई वितळू देऊ नका."

स्कूटरला किक बसेना,
म्हणून उद्यमनगरापर्यंत चालत निघालो.
चालत गेल्यावर कळतं, आपल्या गल्लीला चढ आहे.
शेडमध्ये पोचलो, लेथ सुरू केला,
आणि दुखरा पाय ठेवायला जागा शोधताना
शेजारच्या मशीनवरचा भूपाल उपाध्ये दिसला.
म्हणजे दिसतो रोजच, अकरा वर्षं.
पण तो मधूनच उजवी टाच उचलतो,
बगळ्यासारखा,
जॉब उतरेपर्यंत एका पायावर.
मला ती सवय वाटायची.

"दुखतंय व्हय?"
"टाच? ती दुखतीच की.
त्यात सांगायचं काय?"

चौतीस वर्षं कोबा, नऊ तास रोज.
माझ्या मनगटावरचं घड्याळ
माझी झोपसुद्धा मोजतं,
सकाळी सांगतं, आज तुम्ही बासष्ट टक्के.
मी दुखणं विकत घेतलं,
आठशे रुपये, टी-शर्टासकट.
त्याला ते पगाराबरोबर आलं.

गुरुवारी चहाच्या सुट्टीत
शेडच्या पायरीवर दोघं बसलो.
मशीन पुसायचं फडकं चवड्याला अडकवून
त्याला ताणायला शिकवलं, मग उभं राहून
टाचा वर, टाचा खाली,
निलोफरच्याच आवाजात, पैसे न घेता.
चहावाला पोरगा किटली घेऊन हसत उभा.
भूपाल पायरीच्या कडेवर डुगडुगत म्हणाला,
"आता मला पळायला लावतूयस काय?"
"नाही. उभं राहायला."
तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला,
"बेअरिंग तापलं की तू काय करतूस?"
"बंद करतो."
"मग मंगळवारी काय केलंस?"

शनिवारी नख सूतभर उचललं.
खाली दुसरं आलंय,
मऊ, अजून नख म्हणावं असं नाही.

रविवारी तीन किलोमीटर, सावकाश.
दूध कट्ट्यावरनं परतणाऱ्या म्हशी आडव्या आल्या,
त्यांच्या मागं एक बाई, हातात रिकामी चरवी.
थांबलो. सगळ्या जाऊ दिल्या.
शेवटची म्हैस मध्येच उभी राहिली,
तिलाही वेळ दिला.
पोटरी काही बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

सोमवारी भूपालनं डावी टाच उचलली होती.
बदल म्हणून, म्हणाला.